पंपाच्या गोंगाटातली टिकटिक

पेणला निघायचा हुकूम आला तेव्हा मी घाटावरच्या एका आर्मी वर्कशॉपमध्ये हवालदार होतो. ट्रेड सिग्नलचा. रिसीव्हर, ॲम्प्लिफायर आणि केबल यांतच माझी नोकरी गेली. आमच्या कॅप्टनसाहेबांनी ऑफिसात बोलावून विचारलं, "तू रोह्याकडचा ना?" मी म्हटलं, "निडीचा, साहेब." ते म्हणाले, "मग खाडी तुला नवी नाही. बॉम्ब निकामी करणारी तुकडी पेणला चालली आहे. त्यांना ऐकणारा माणूस हवाय."

ऐकणारा माणूस म्हणजे काय, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. दुपारी आम्ही जीपमध्ये सामान भरलं आणि घाट उतरलो. नोकरीत मी राजस्थान पाहिलं, काश्मीर पाहिलं, ईशान्येकडचे डोंगर पाहिले. स्वतःच्या जिल्ह्यात ड्यूटीवर जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तेव्हा रोह्याची रेल्वे नवीनच होती आणि खाडीकडच्या गावांत वीज असून नसल्यासारखी होती.

पेणच्या पश्चिमेला खाडीलगत एक गाव आहे. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये खारं पाणी अडवणारा मातीचा लांब बांध. बांधात एक उघाडी असते. पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीचं आत येऊ द्यायचं नाही, असा तो दरवाजा. जुनी उघाडी खचली होती. नवी बांधायला ठेकेदाराने बांधाच्या आतल्या अंगाला खोल खड्डा खणला. खणताना कुदळ लोखंडावर लागली. मजुरांना वाटलं, जुन्या होडीचा नांगर असेल. चिखल बाजूला केला तर माणसाएवढा लांब बॉम्ब.

तो कुणाचा, कधीचा, हे शेवटपर्यंत नक्की ठरलं नाही. महायुद्धाच्या काळात एखाद्या विमानाने भार हलका करायला खाडीत टाकला असावा, असं आमच्या अधिकाऱ्यांचं मत पडलं. एवढी वर्षं तो चिखलात गुपचूप पडून होता. त्याच्या मागच्या बाजूचं झाकण पाहून तुकडीचे प्रमुख मेजर नायर एवढंच म्हणाले, "आत घड्याळ असू शकतं." घड्याळाचा फ्यूज म्हणजे ठरावीक वेळाने स्फोट करणारी यंत्रणा. गंजून अडकलेलं घड्याळ हात लागल्यावर पुन्हा सुरू होऊ शकतं. आणि सुरू झालं तर त्यात किती वेळ उरला आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दुरून उडवून का नाही दिला? गावकऱ्यांनीही हेच विचारलं. उडवला असता तर बांध गेला असता. होळीच्या पौर्णिमेचं उधाण जवळ आलं होतं. बांध उघडा असताना उधाण आलं की खारं पाणी थेट शेतात आणि गावच्या तळ्यात. अशी जमीन पुढची कित्येक वर्षं भाताला येत नाही. गावाची शे-दोनशे घरं त्या जमिनीवर जगत होती. म्हणून मेजरसाहेबांनी ठरवलं की बॉम्ब आहे तिथेच निकामी करायचा. गावातली माणसं, गुरं पेणला शाळांमध्ये आणि नातेवाइकांकडे हलवली होती. गाव रिकामं होतं.

त्या तुकडीत मला सदाशिव म्हात्रे भेटला. हुद्दा नायक, वय तिशीच्या आत, मेजरसाहेबांचा नंबर टू. खड्ड्यात अधिकाऱ्याबरोबर जो एकच माणूस उतरतो, तो नंबर टू. मी त्याला हिंदीत काहीतरी विचारलं, तर त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "हवालदारसाहेब, तुमी खयचे?" मी निडी म्हणालो. तो हसला. "मी इथलाच. त्या पल्याडच्या आंब्याखाली माझं घर हाय."

मला ते खोटंच वाटलं. पण खरं होतं. ज्या गावात बॉम्ब सापडला, त्याच गावचा मिठागरातल्या कामगाराचा तो मुलगा. वडील वारले होते. आई आणि थोडी भातजमीन. मेजरसाहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की तुझं घर इथे आहे, तुला या कामातून मोकळं करतो, दुसरा नंबर टू घेतो. सदाशिवने उत्तर दिलं होतं की या चिखलात कुठे पाय द्यायचा ते मला माहीत आहे, दुसरा माणूस कमरेपर्यंत रुतेल. मेजरसाहेबांनी त्याला चिखलात चालून दाखवायला लावलं आणि मग ठेवून घेतलं.

आता माझं काम सांगतो. बॉम्बच्या पत्र्याला लोहचुंबकाने एक छोटा मायक्रोफोन चिकटवायचा. तिथून चारशे मीटर केबल ओढून गावाच्या वेशीवरच्या शाळेमागे आणायची. तिथे वाळूच्या पोत्यांच्या आड मी हेडफोन लावून बसायचं. खड्ड्यात काम चालू असताना आत टिकटिक सुरू झाली, तर फील्ड टेलिफोनवरून सांगायचं. बॉम्बजवळ वायरलेस चालवत नाहीत, म्हणून टेलिफोन.

कागदावर हे सोपं होतं. पहिल्या दिवशी मी हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढून ठेवला. आत नुसती घरघर होती. खड्ड्यात सतत पाणी झिरपत होतं, त्यामुळे विजेवरचे दोन पंप रात्रंदिवस चालू ठेवावे लागत होते. ते बंद केले तर घटकाभरात बॉम्ब पाण्याखाली. पंपांना वीज द्यायला बांधावर मोठा जनरेटर होता. माझी केबल त्याच्या जवळून जात होती. जमीन खाऱ्या चिखलाची, वीज वाहून नेणारी. जनरेटरचा आणि पंपांचा सगळा विजेचा गोंगाट माझ्या तारेत शिरत होता. त्यात एका गंजलेल्या घड्याळाची टिकटिक शोधायची होती.

मेजरसाहेब ऐकायला आले. त्यांनी हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "यातून तू सांगू शकशील?" मी म्हटलं, "नाही, सर. आजच्या स्थितीत नाही." ते म्हणाले, "मग स्थिती बदल. तू हो म्हणेपर्यंत मी झाकणाला हात लावणार नाही."

एवढा मोठा अधिकारी माझ्या एका शब्दासाठी थांबला, याचा मला आजही अभिमान आहे.

उपाय मला ठाऊक होता, पण तो तिथल्या चिखलात उभा करायचा होता. एकाच तारेवर आवाज न पाठवता दोन तारांवर पाठवायचा. एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन एकत्र न्यायच्या. वाटेत जनरेटरचा गोंगाट शिरेल तो दोन्ही तारांवर सारखाच शिरेल. शेवटी असा ॲम्प्लिफायर ठेवायचा जो दोन तारांमधला फक्त फरक मोठा करतो. त्याला डिफरन्शियल ॲम्प्लिफायर म्हणतात. जे दोन्हीकडे सारखं आहे ते त्यात गळून पडतं. जे उलटसुलट आहे तेवढंच उरतं.

तारा पिळताना सदाशिव माझ्या मदतीला बसला होता. मी त्याला हे समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे होडीतली दोन माणसं. लाट दोघांना बरोबरच वर नेते. एक उठून उभा राह्यला, तर फरक दिसतो."

"बरोबर. मला तो उभा राहिलेला पाहिजे. लाट नको."

पुढे मी कितीतरी रिक्रूटांना हा विषय शिकवला. होडी प्रत्येक वेळी सांगितली, आणि कुणी सांगितली होती तेही सांगितलं.

या ॲम्प्लिफायरची एक अट असते. त्याच्या दोन बाजू अगदी एकसारख्या असाव्या लागतात. रेझिस्टरच्या जोड्यांत केसभर फरक पडला तरी गोंगाट नीट वजा होत नाही, थोडा उरतोच. आणि आमची टिकटिक त्या उरलेल्या गोंगाटापेक्षाही बारीक असणार होती. बाजारातले रेझिस्टर छापलेल्या आकड्याच्या थोडे इकडेतिकडे असतात. पुष्कळ मोजले तर त्यात तंतोतंत जुळणारे सापडतात. माझ्याकडे मूठभर होते. मेजरसाहेबांना विचारून मी जीप घेतली आणि रोह्याला गेलो.

रोह्यात रेडिओ दुरुस्त करणारे हुसेनभाई होते. नोकरीला लागण्याआधी मी त्यांच्याकडे बसून सोल्डरिंग शिकलो होतो. काम काय आहे ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो. पेणला बॉम्ब सापडल्याची बातमी मात्र सगळीकडे पसरली होती. माझा युनिफॉर्म आणि चिखलाचे बूट पाहून त्यांनी काही विचारलं नाही. रेझिस्टरचे सगळे खण काढून समोर ठेवले, दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि स्वतःचा मीटर घेऊन शेजारी बसले. दुपार उतरेपर्यंत आम्ही दोघं मोजत होतो. ते आकडा सांगायचे, मी जोड्या लावायचो. उठताना ते एवढंच म्हणाले, "ऐकू येईल ना रे यातून?" मी म्हटलं, "येईल, भाई."

माझं बिऱ्हाड तेव्हा नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात होतं. परत फिरताना ड्रायव्हरला सांगून मी पाच मिनिटांसाठी जीप पूल ओलांडून नेली. माझी पत्नी सुमन धान्य निवडत बसली होती. मला दारात पाहून उठली. मी म्हटलं, थांबायला वेळ नाही. तिने पाणी दिलं. मग विचारलं, "पेणच्या कामावर हाव तुमी?" मी हो म्हणालो. "खड्ड्यात उतरनार?" मी म्हटलं, "नाय. मी लांब बसून ऐकणार." तिने मान हलवली. "मग नीट ऐका," म्हणाली. मी निघालो.

पुढच्या दोन दिवसांत ॲम्प्लिफायर तयार झाला. घरघर जवळजवळ गेली. मेजरसाहेबांनी चाचणी घ्यायला सांगितली. सदाशिवने घरातलं चावीचं जुनं गजराचं घड्याळ आणलं. ते आम्ही लोखंडी पिंपाला टेकवून ठेवलं, पिंपावर मायक्रोफोन लावला आणि मी चारशे मीटरवरून ऐकलं. टिकटिक येत होती, पण बोथट. लांबून कुणी गादीवर थापट्या माराव्यात तशी. उरलीसुरली घरघर वाढली की ती त्यात बुडून जायची.

कारण उघड होतं. घड्याळाचा ठोका अतिशय तीक्ष्ण आणि क्षणभराचा असतो. माझ्या ॲम्प्लिफायरमधली चिप मंद होती. हजार पटीने आवाज मोठा करायला लावला की ती ठोक्याबरोबर धावू शकत नव्हती. ठोक्याची धार जायची. मला वेगवान ॲम्प्लिफायर हवा होता. मी वर्कशॉपला टेलिफोन केला. आमच्या कॅप्टनसाहेबांनी रडारच्या रिसीव्हरमधल्या दोन वेगवान चिपा काढून त्याच दिवशी मोटरसायकलवाल्या डिस्पॅच रायडरबरोबर पाठवल्या. अशा चिपा नाठाळ असतात, जराशा चुकीने आपल्याआपणच शिट्टी घालू लागतात. तारा आखूड केल्या, सर्किट पत्र्याच्या डबीत बंद केलं, डबीला एकाच ठिकाणी अर्थिंग दिलं. शिट्टी बसली.

दुसऱ्यांदा घड्याळ लावलं. या वेळी टिक वेगळी आणि टक वेगळी ऐकू आली. घड्याळाच्या दाताने चक्र सोडल्याचा बारीक खरखरीत आवाजही आला. पंप चालू होते, जनरेटर चालू होता, आणि चारशे मीटर लांबून मी एका चावीच्या घड्याळाचं चक्र ऐकत होतो. मी मेजरसाहेबांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. हेडफोन परत देताना म्हणाले, "उद्या सकाळी."

जनरेटर सांभाळायला ठेकेदाराचा एक माणूस होता. गणपत भगत, चाळिशी ओलांडलेला, रोह्याच्या अलीकडच्या गावचा. मेजरसाहेबांनी त्याला जायला सांगितलं होतं, आमचा जवान जनरेटर बघेल म्हणाले होते. आमच्या जवानाने प्रयत्न केला आणि दोन वेळा जनरेटर बंद पडला. गणपत म्हणाला, "हे मशीन माझ्याबिगर चालत नाय, साहेब. मी बसतो." खड्ड्यापासून लांब, बांधावर त्याला पोत्यांचा आडोसा करून दिला. वर्षानुवर्षं जनरेटरजवळ बसून त्याला कमी ऐकू येत होतं. म्हणून ठरलं की धोका झाला तर लाल निशाण दाखवायचं आणि त्याने बांधाच्या पलीकडे उडी मारायची. त्याने दर थोड्या वेळाने खड्ड्याकडे बघत राहायचं.

सकाळी ओहोटी लागल्यावर काम सुरू झालं. धोका झाला तर आसऱ्याला खड्ड्यापासून थोड्या अंतरावर खंदक खणून ठेवला होता. मेजरसाहेब आणि सदाशिव शिडीने खाली उतरले. मेजरसाहेबांच्या डोक्याला टेलिफोनचा हेडसेट होता. माझ्या एका कानाला टेलिफोन, दुसऱ्याला मायक्रोफोनचा आवाज. मेजरसाहेब करतील ती प्रत्येक गोष्ट आधी बोलून दाखवत. हा त्या कामाचा नियमच आहे. काही विपरीत झालं तर पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

"झाकणाचा चिखल काढतोय."

"ऐकतोय, सर. शांत आहे."

"पहिला स्क्रू."

"शांत."

असं बराच वेळ चाललं. मला स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता, सदाशिवने हत्यार दगडावर ठेवल्याचा येत होता, मेजरसाहेबांच्या श्वासाचाही येत होता. झाकण निघालं. आत खरोखरच घड्याळाचा फ्यूज होता. मेजरसाहेबांनी त्याचं वर्णन सांगितलं, मी ते लिहून घेणाऱ्या जवानाला ऐकवलं. मग ते म्हणाले की फ्यूजच्या कडेचा गंज सैल करतो.

तेव्हा मला ऐकू आलं. आधी एक ठोका, एकटाच. मग काही नाही. मग दोन. आणि मग सरळ, एकसारखी टिकटिक.

"क्लॉक रनिंग," मी म्हटलं. "क्लॉक रनिंग, सर. बाहेर."

"कन्फर्म."

"कन्फर्म. एकसारखं चाललंय. बाहेर या."

"येतोय."

मेजरसाहेब नंतर सांगायचे की खड्ड्यात त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं. कान बॉम्बला लावला असता तरी पंपांपुढे ऐकू आलं नसतं. त्यांनी फक्त माझ्या शब्दावर हत्यारं टाकली आणि शिडी धरली. सदाशिवने त्यांना आधी चढवलं. वर आल्यावर सदाशिवने लाल निशाण उचलून हलवलं. गणपत पाठमोरा होता. जनरेटरच्या डिझेलच्या नळीत कचरा अडकला होता आणि तो वाकून ती साफ करत होता. सदाशिवने शिट्टी वाजवली. हाक मारली. गणपतला काहीच कळलं नाही.

मेजरसाहेबांच्या डोक्याचा हेडसेट अजून चालू होता. त्यातून मला सदाशिवचा आवाज आला. धाप लागलेली होती, पण शब्द स्वच्छ.

"साहेब, तुमी खंदकात चला. गणपतला कळलं नाय. मी आनतो त्याला."

मेजरसाहेबांनी त्याचं नाव घेतलं. तो निघून गेला होता.

मला जागेवरून उठता येत नव्हतं. माझी ड्यूटी ऐकायची होती. मी टिकटिक ऐकत राहिलो आणि मोठ्याने सांगत राहिलो, "चालू आहे, चालू आहे," म्हणजे माझ्याजवळ पोत्यांआड बसलेल्या जवानांनी डोकी वर काढू नयेत. चिखलात धावता येत नाही, हे खाडीकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. पण सदाशिव धावला. मेजरसाहेबांनी खंदकातून पाहिलं. तो बांधाच्या कडेकडेने, कडक झालेल्या मातीवर पाय देत, सरळ जनरेटरपर्यंत पोचला. त्याने गणपतला मागून कमरेत धरून उचललं आणि बांधापलीकडे खाडीच्या अंगाला ढकलून दिलं. गणपत खाली चिखलात पडला. सदाशिव त्याच्यामागे उडी मारायला बांधाच्या माथ्यावर चढला.

माझ्या कानातली टिकटिक थांबली. घड्याळ पुन्हा अडकलं असं मला क्षणभर वाटलं.

मग जमीन हलली. हेडफोन मुका झाला. खाडीवरचे सगळे पक्षी एकदम उठले. माती आणि चिखल बराच वेळ वरून पडत होता. मेजरसाहेबांच्या कानाला इजा झाली, बाकी काही नाही. गणपतचा हात मोडला. सदाशिव बांधाच्या उतारावर सापडला. श्वास थोडाच वेळ होता. पेणच्या रस्त्याला लागायच्या आत तो गेला.

गावातलं एकही माणूस, एकही जनावर दगावलं नाही. बांधाला मात्र भलंमोठं खिंडार पडलं.

अंत्यसंस्कार दुसऱ्या दिवशी गावातच झाले. शाळांमध्ये उतरलेले लोक परत आले, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, रोह्याहून हुसेनभाई आले, सुमन आली. आम्ही सलामी दिली. बंदुकांचे बार हवेत झाले. सदाशिवची आई भागीकाकी एका जागी उभी होती. बायका तिच्याभोवती रडत होत्या. तिच्या डोळ्यांना पाणी होतं, पण ती रडली नाही. सगळं आटोपल्यावर माणसं तिच्या दारात बसून राहिली. उठायचं कसं, हे कुणाला सुचत नव्हतं. तिने खाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसून काय ऱ्हायलाव? उधान आलंय दोन दिसांवर. बांधाला जावा."

कुणी उठेना. ती पुन्हा म्हणाली, "माझ्या पोराने गाव राखलंय. आता पानी आत आलं तर त्याला काय सांगू मी? जावा."

माणसं उठली. मेजरसाहेब कानाला पट्टी बांधून आले होते. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं. मी त्यांना भागीकाकीचं बोलणं सांगितलं. त्यांनी तुकडीला हुकूम दिला आणि शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः पहिली पाटी उचलली. जवान, शेतकरी, मिठागरातले कामगार, बायका, सगळे एका रांगेत. ओहोटीत दगड आणि चिकण माती, मध्ये भाताच्या पेंढ्याचे थर, वरून पुन्हा माती. भरतीत थांबायचं, ओहोटीत पुन्हा लागायचं. मोडलेला हात गळ्यात बांधून गणपतही आला. त्याला घरी जायला सांगितलं तर तो एका हाताने पाणी वाटत फिरू लागला. त्या वर्षी गावाने शिमग्याचा ढोल वाजवला नाही. होळी पेटवली ती बांधाजवळ, कामाला उजेड हवा म्हणून.

पौर्णिमेचं उधाण आलं. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली हातभर राहिलं आणि तिथे थांबलं. गाव बांधावर उभं होतं. पाणी उतरू लागलं तेव्हा एक म्हातारा खाली बसला आणि त्याने बांधाच्या मातीला कपाळ टेकवलं.

भागीकाकी माझ्याजवळ आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की शेवटचं बोलणं मी ऐकलं. तिने विचारलं, "काय बोलला रं?"

मी शब्दाला शब्द सांगितला.

"भ्यालेला व्हता?"

"नाय काकी. धाप लागलेली. पण आवाज साफ होता. साहेबाला आधी लांब पाठवलं आणि मग गेला."

ती थोडा वेळ उतरत्या पाण्याकडे बघत राहिली. "त्याचा बा पन तसाच व्हता," म्हणाली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि घराकडे गेली.

सदाशिवला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. ते घ्यायला भागीकाकी दिल्लीला गेली. जन्मात पहिल्यांदा पेणच्या बाहेर पडली. सोबत मेजरसाहेब होते. परत आल्यावर कुणी विचारलं दिल्ली कशी, तर म्हणाली, सगळे उभे राह्यले माझ्या पोरासाठी. एवढंच ती नेहमी सांगायची.

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. खाडीच्या बांधावर जनरेटर घरघरत असताना ऐकलेली ती टिकटिक, हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. त्या दोन तारांनी मेजर नायर वाचले. त्यांनी पुढे असे किती बॉम्ब निकामी केले याची मोजदाद मी ठेवली नाही. पण प्रत्येक वेळी खबर कळली की मी ती भागीकाकीला जाऊन सांगत असे.

गणपत भगत दर पावसाळ्यात लावणीला भागीकाकीच्या शेतावर यायचा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. पहिल्या वर्षी हात नीट वळत नव्हता तरी आला. त्याची मुलं मोठी झाली तशी त्यांनाही आणू लागला. भागीकाकी त्याला जेवायला सदाशिवच्या जागेवर बसवायची. ती गेली तेव्हा खांदा गणपतने दिला. आता तोही थकला आहे, त्याचा मुलगा येतो.

बांधाच्या आत तेव्हापासून खारं पाणी शिरलेलं नाही. भात होतो, चांगला होतो. होळीच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे जमतो. गावातली मुलं विचारतात, तुम्ही त्याला ओळखत होता का? मी सांगतो, हो. मी त्याच्या शेजारी बसून तारा पिळल्या. मग मी सावधान उभा राहतो आणि रोल कॉलला घेतात तसं नाव घेतो. नायक सदाशिव म्हात्रे. आणि सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "हजर."